फोटोत जंतूचं नाव नसतं

मंगळवार, ४ तारीख

गोल! डॉक्टरांनी बाबांचा एक्सरे ट्यूबलाइटसमोर धरला आणि म्हणाले, "इथे गोल काहीतरी दिसतंय." आणि मग गप्प. आमचे हे गल्लीतले डॉक्टर एरवी इतके बडबडे की सुई कधी टोचली ते कळत नाही. आज नुसते चष्मा पुसत बसले.

बाबा म्हणाले, "गोल म्हणजे केवढं? लिंबाएवढं की चेंडूएवढं?"

कोणी हसलं नाही. आत्या नाक पुसायला लागली.

"मोठ्या दवाखान्यात दाखवा. स्कॅन काढावा लागेल. गाठ आहे का ते बघायला पाहिजे."

घरी येईपर्यंत तिघांपैकी कोणी तो शब्द काढला नाही. बाबा आले ते सरळ खाली पाखरांच्या दुकानात. अंगात ताप, डोकं ठणकतंय, तरी पिल्लांची वेळ झाली म्हणे! मी म्हटलं मी भरवते. तर म्हणाले, "तू चमचेवाली. तुझी पाखरं माणसाळत नाहीत."

खरंच आहे ते. बाबा राळे भिजवतात, तोंडात चावून मऊ करतात आणि पिल्लाची चोच ओठात धरून भरवतात. आजोबांनी शिकवलं. म्हणून तर आमच्याकडचे पोपट मोठे झाले की माणसाच्या ओठावरचा दाणा अलगद उचलतात. गिऱ्हाईक तेवढ्यासाठी लांबून येतं. मला ते जमत नाही. किळस नाही, पण जमत नाही. मी चमच्याने देते आणि माझी पाखरं माझ्यासारखीच होतात — कोणी आलं की मागच्या दांडीवर.


बुधवार, ५ तारीख

आत्या दिवसभर फोनवर. दार लावून. दाराला कान लावायची गरजच नाही, तिचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्याचं भांडण.

बाबांनी संध्याकाळी सांगितलं, "ती कलगीवाली जोडी कुणाला द्यायची झाली तर एकत्र दे. तोडू नकोस."

मी मान हलवली.


गुरुवार, ६ तारीख

मोठा दवाखाना. डॉक्टर बाई आहेत, छातीच्या. केस एकदम बारीक कापलेले, बोलणं भराभर. बाबांचा हात धरून घड्याळाकडे बघत बसल्या. "ताप एवढा आणि नाडी एवढी संथ? गंमतच आहे." आत्याला राग आला. बाहेर आल्यावर म्हणाली, "इथे माणूस भाजून निघालाय आणि हिला गंमत सुचतेय!"

बाईंनी जुना एक्सरे बघितला, पण त्या गप्प झाल्या नाहीत. मला ते बरं वाटलं. त्यांनी बाबांसमोरच सांगितलं — "गोल म्हणजे गाठच, असं नसतं हो. एक्सरे म्हणजे सावली. भिंतीवर हाताची सावली पाडली की कुत्रं दिसतं ना? कुत्रं असतं का तिथे? पुढचं, मागचं, बरगडी, सगळं एकावर एक पडतं. स्कॅनमध्ये आपण बाजूने आत डोकावून बघू."

बाबा म्हणाले, "आणि खरंच कुत्रं निघालं तर?"

"तर कुत्र्याचं औषध देऊ."

पहिल्यांदाच कोणीतरी बाबांना उलट उत्तर दिलं. बाबा खूश! खोकून खोकून लाल झाले पण खूश.

दाखल करून घेतलं. आत्या रात्री तिथे, मी दुकान बघायला घरी. आई गेल्यापासून घर आत्याच चालवते, पण पाखरांच्या वाटेला ती जात नाही. म्हणते, पिसं उडतात, शिंका येतात.


शुक्रवार, ७ तारीख

आज स्कॅन झाला. ते यंत्र मला वाटलं होतं तसं बोगद्यासारखं लांब नाही, नुसतं कडं आहे. माणूस फळीवर झोपतो आणि फळी सरकत कड्यातून आत-बाहेर होते. कड्यातून आवाज येतो — श्वास घ्या, धरा, सोडा. एक बाई बोलतात, टेप केलेल्या. बाबांना श्वास धरवतच नव्हता. खोकला यायचा आणि परत पहिल्यापासून.

मी दाराशी उभी होते. स्कॅन काढणारे दादा म्हणाले, "आत नको थांबूस, इकडे काचेमागे ये." मग माइकवरून बाबांना म्हणाले, "काका, घाई नाही. ही बाई दिवसभर हेच बोलते, तिला कंटाळा येत नाही. तुमचं तुम्ही घ्या."

मग बाबांनी धरला. जेमतेम.

पडद्यावर बाबा आले. म्हणजे आडवे कापलेले बाबा! पावाचे काप करतात तसे. दादा चाक फिरवायचे, एक काप जायचा, दुसरा यायचा. फुप्फुसं काळी, कारण आत हवा. आणि उजवीकडे खाली एक मोठा पांढरा डाग. पण डागाच्या आत काळ्या बारीक फांद्या होत्या. पानं गळलेल्या झाडासारख्या.

मला विचारायचं होतं. शब्द इथपर्यंत आला आणि तिथेच बसला. शाळेतही असंच व्हायचं — उभं राहून वाच म्हटलं की घशात बोळा, सगळा वर्ग मागे वळून बघतोय. म्हणून आठवीत शाळा सुटली. बाबा म्हणाले होते, पाखरांना बोलणारी माणसं नकोच असतात, ये दुकानात.

दादांनी माझ्याकडे बघितलं. "मी काही सांगायचं नसतं. बाई सांगतील. पण तू रात्री जेव हं."

जेव म्हणाले म्हणजे काय असेल? दुसऱ्या कोणाला पण म्हणत असतील का?


शनिवार, ८ तारीख

गाठ नाही!!

बाईंनी आम्हाला दोघींना बोलवून पडदा दाखवला. त्या काळ्या फांद्या म्हणजे श्वासाच्या नळ्या. त्यांच्यात हवा आहे, आजूबाजूला मात्र सगळं पाण्याने, पुवाने भरलंय, म्हणून त्या उठून दिसतात. गाठीत असं सहसा दिसत नाही, म्हणाल्या. कडेला धुरकट आहे, घासलेल्या काचेसारखं. तेही जंतूंच्या बाजूचंच. "हा न्यूमोनिया आहे. एक्सरेत गोल दिसला, आतून बघितला तर गोल नाहीच."

आत्याने बाईंचे हात धरले. मग दारातल्या झाडूवाल्या मावशींना मिठी मारली. मग फोन! "अहो, न्यूमोनिया आहे, न्यूमोनिया! हो ना, देवच पावला!" पलीकडचा माणूस काय समजला असेल?

बाबांना सांगितलं तर डोळे मिटून पडले. थोड्या वेळाने म्हणाले, "कलगीवाली जोडी आता नको देऊस कुणाला."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तिथे आरसा आहे. रडताना मी फार वाईट दिसते.


रविवार, ९ तारीख

ताप उतरत नाही. औषध नसेतून चालू आहे तरी. नाकाला नळी होती, आता तोंडावर ऑक्सिजनचा मास्क.


सोमवार, १० तारीख

आज जे झालं ते सगळं लिहिते. कारण कोणाला सांगू शकत नाही.

बाई आल्या. चेहरा शनिवारसारखा नव्हता. आत्याने विचारलं, "स्कॅनमध्ये सगळं दिसतं म्हणालात ना? मग उतार का नाही?"

"काय झालंय ते दिसतं, किती झालंय ते दिसतं. कोणी केलंय ते नाही कळत. जंतूचं नाव फोटोत लिहिलेलं नसतं, आत्याबाई. नेहमीच्या जंतूंना जे औषध लागतं ते दिलंय. हा नेहमीचा दिसत नाही. म्हणून मला सगळं सांगा — कुठे गेले होते, घरात आणखी कोण आजारी, काम काय करतात."

आत्या म्हणाली, "दुकान आहे."

"कसलं?"

"असंच. किरकोळ."

मी आत्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे नाही. आणि कॉटवरून बाबांनी माझं मनगट धरलं. घट्ट. मास्कच्या वरून नुसते डोळे. नको — असे डोळे.

मला कळलं ते. मागे एकदा बाजारात कोंबड्यांना रोग आला होता, तेव्हा माणसं पोती घेऊन आली. आमच्या शेजारच्या दुकानातलं सगळं जिवंत जिवंत पोत्यात भरून नेलं. कोंबड्यांच्या बरोबर बदकंही, आणि दोन पांढरी कबुतरंही, त्यांचा काय संबंध? बाबा तेव्हा आठवडाभर जेवले नव्हते धड. तेव्हापासून घरात नियमच आहे — पाखराच्या आजाराचं नाव बाहेर काढायचं नाही.

बाई म्हणाल्या, "काही आठवलं तर सांगा, कितीही साधं असलं तरी." आणि गेल्या.

मग बाहेर आत्या मला म्हणाली, "घुमी आहेस ते बरंच आहे. तशीच राहा. त्याचा जीव आहे त्या पाखरांत."

जीव? मग इथे कॉटवर आहे ते काय आहे?


सोमवार, परत

दुकानात आले तर नवीन आलेल्यांतला एक पोपट फुगलाय. आमच्यात फुगला म्हणतात — पिसं फुलवून गोळा होऊन बसतो, डोळा अर्धा मिटलेला. डोळ्याला पाणी. खाली हिरवंगार पडलेलं. ही पाखरं मागच्या महिन्याच्या मध्यात आली, नव्या व्यापाऱ्याकडून. त्यातली अशक्त होती ती बाबांनी बाजूला काढून ओठाने भरवली होती. त्यातली दोन तेव्हाच गेली. प्रवासाने दमली, म्हणाले.

मी पिंजऱ्यासमोर बसून राहिले. हात लावला नाही. आज पहिल्यांदा मला पाखराची भीती वाटली.


मंगळवार, ११ तारीख

सकाळी तो पोपट खाली पडलेला होता. कडक.

बाबांचा परत स्कॅन. दम वाढलाय म्हणून. मी परत काचेमागे. बाबांना आता तो टेपवरच्या बाईंचा श्वास धरताच येत नव्हता, दादा मग नुसतं पडून राहा म्हणाले. पडदा आला. उजवीकडचा डाग वर चढलाय. आणि डावीकडेही आलाय. चार दिवसांपूर्वी तिकडे स्वच्छ काळं होतं, मला आठवत होतं ना!

दादा या वेळी जेव पण म्हणाले नाहीत.

मी म्हटलं, "दादा."

मलाच माझा आवाज अनोळखी वाटला.

"दादा, पाखरांमुळे होतं का असं?"

त्यांचा हात चाकावर थांबला. "कसली पाखरं?"

"पोपट. आमचं दुकान आहे. बाबा पिल्लांना तोंडाने भरवतात. काल एक... आज एक मेलं."

दादा उठलेच. "हे मला नको सांगूस. बाईंना सांग. आत्ता. चल." मी म्हटलं मला नाही जमणार, तुम्ही सांगा. तर म्हणाले, "मी सांगितलं तर त्या पंचवीस प्रश्न विचारतील आणि मला एकाचंही उत्तर येणार नाही. मी बरोबर उभा राहतो. चल."

बरोबर उभे राहिले खरंच. जिन्यात मी एकदा थांबले तर ते पण थांबले. ढकललं नाही.

बाईंना सांगितलं. काय सांगितलं ते नीट आठवत नाही. मध्येच बोळा आला, मग परत सुरू केलं. कोणी हसलं नाही. बाईंनी एकच गोष्ट दोनदा विचारली — "ओठाने? ओठात चोच धरून?" मी करून दाखवलं. मग लाज वाटली.

"आणि तू?"

"मी चमच्याने. मला जमत नाही ते."

"चांगलं आहे नाही जमत ते!" लगेच फोन उचलला. पोपटांपासून माणसाला होतो असा एक न्यूमोनिया असतो म्हणाल्या. जोराचा ताप, डोकेदुखी, संथ नाडी, सगळं बसतंय. रक्त, बेडका तपासायला गेला, पण त्याची वाट बघायची नाही. औषध वेगळं लागतं, ते आजच. माझाही एक्सरे काढला. माझा स्वच्छ आहे.

मग बाई स्वतः बाबांकडे गेल्या. मी दाराशीच थांबले. बाबांनी ऐकून घेतलं, मग माझ्याकडे बघितलं. मग तोंड भिंतीकडे केलं.


बुधवार, १२ तारीख

आत्या माझ्याशी बोलत नाही. डबा देताना झाकण आपटते. "जन्मभर तोंड उघडलं नाहीस आणि उघडलंस ते नेमकं इथे!" — हे भांड्यांना सांगत होती.

मी तरी काय करू? पाखरं बाबांची. बाबा माझे.


गुरुवार, १३ तारीख

ताप कमी. खरंच कमी! मी तीनदा थर्मामीटर बघितला तर नर्सताई म्हणाल्या, "तू काय त्याला पाठ करतेयस का?"

बाबा भिंतीकडेच.


शुक्रवार, १४ तारीख

मास्क गेला, परत नाकाची नळी. बाबांनी चहात बिस्किट बुडवून खाल्लं, अर्धं कपात पडलं तेही चमच्याने काढून खाल्लं.

दुकानात जनावरांचे डॉक्टर आले होते. मी दारात हात आडवा करून उभी, विचारलं, "पोती कुठायत?" ते गोंधळले. "कसली पोती?" पोती नाहीतच! पाखरांनाही औषध देतात म्हणाले, दाण्यातून. पुष्कळ दिवस द्यावं लागेल. तोवर दुकान बंद, काही विकायचं नाही, मास्क आणि हातमोजे घालूनच आत जायचं, झाडायच्या आधी पाणी शिंपडायचं म्हणजे धूळ उडत नाही. औषधाचं नाव वाचलं. बाबांचंच!

दवाखान्यात गेले आणि बाबांच्या पाठीला सांगितलं, "त्यांनाही तेच औषध आहे. तुमचंच."

पाठ हलायला लागली. मला वाटलं रडतायत. हसत होते!

"म्हणजे मी माणसाचा आहे का पोपटाचा?" आणि मग इकडे वळून, "कलगीवाले खातायत का नीट?"

आत्या म्हणाली, "विचारलंच! पोरगी रात्रंदिवस मरतेय त्याचं काही नाही. कलगीवाले!" आणि माझ्या ताटात जास्तीची पोळी टाकली. आमच्या आत्याची माफी पोळीतून येते.


रविवार, १६ तारीख

तपासणीचा निकाल आला. तेच निघालं. बाई म्हणाल्या, स्कॅनने घर दाखवलं, दार तू दाखवलंस. मी म्हटलं बरं.

मग त्यांनी बाबांना विचारलं, "हा माल आल्यापासून कोणी कोणी पाखरं नेली?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं हे. इतके दिवस मी नुसती बाबा, बाबा करत होते.

बाबांना माणसं लक्षात राहत नाहीत, पाखरं राहतात. "निळी मादी — ती उंच बाई, चष्म्याची दोरी गळ्यात. पिवळी जोडी — नळाच्या कामाचा माणूस, मुलाच्या वाढदिवसाला. आणि तो हिरवा, पंख थोडा वाकडा. मी हाताने वाढवला होता तो. एका म्हाताऱ्यांनी नेला. एकटं वाटतं म्हणाले." कोण कुठे राहतं ते मला माहीत होतं. मी दाण्याच्या गोणीमागे बसून सगळ्यांचं ऐकलेलं असतं.

बाई म्हणाल्या आमची माणसं जातील, पण त्यांना एकदोन दिवस लागतील, पत्ते द्या.

बाबा म्हणाले, "ही जाईल उद्या."

मी?

"ओळख आमची आहे, माल आमचा आहे. आपण जायचं." आणि मग हळूच, "मी गेलो असतो गं."


सोमवार, १७ तारीख

वाक्य पाठ केलं होतं. मी पाखरांच्या दुकानातली. तुमचा पोपट आजारी असू शकतो. घरात कोणाला ताप, खोकला असेल तर डॉक्टरांना पोपट आहे म्हणून सांगा.

उंच बाईंनी दारातच झापलं. "आजारी माल विकता आणि वर सांगायला येता?" मी उभी राहिले. शिव्या संपल्यावर परत वाक्य म्हटलं, कारण पहिल्यांदा अर्धंच झालं होतं. मग त्यांनी कागदावर लिहून घेतलं. त्यांची मादी ठणठणीत आहे. कोणाला काही नाही.

नळवाल्यांच्या घरी चहा मिळाला. मुलाने दोन्ही पाखरांची नावं सांगितली, मग पहिल्यापासून परत सांगितली. सगळे बरे. तरी तपासून घेतो म्हणाले.

घरी येताना एकटीच हसत होते रस्त्यात. मी बोलले! अनोळखी माणसांशी. दोन घरं!

म्हाताऱ्यांच्या घराला कुलूप होतं. उद्या जाईन.


मंगळवार, १८ तारीख

दार सुनेने उघडलं. म्हणाली सासरे गेले, मागच्या मंगळवारी. ताप आणि खोकला, आठ दिवसांत आटोपलं. फोटोबिटो काही काढला नाही, वय होतं, काल विधी करून परत आलो.

मागच्या मंगळवारी मी जिन्यात उभी होते. सोमवारी आम्ही किरकोळ म्हणालो होतो.

मला वाटलं, वळावं आणि जावं. इथे कोणाला काही माहीत नाही.

विचारलं, पोपट कुठंय?

"धाकटीच्या खोलीत. आजोबांची आठवण म्हणून सोडतच नाही त्याला. काल संध्याकाळपासून पडूनच आहे बिचारी. रडून रडून ताप आलाय."

"रडून नाही आला," मी म्हटलं. "उठवा तिला."